घरच्या स्टर-फ्रायला पाणी का सुटतं?

चायनीजच्या गाडीवरचा माणूस कढईत भाज्या टाकतो, चार वेळा उडवतो आणि दोन-तीन मिनिटांत बशी पुढे येते. कोबी कुरकुरीत, सिमला मिरची चकचकीत, गाजर दाताखाली मोडणारं. घरी त्याच भाज्या असतात, सोया सॉसही तोच. तरी दहा मिनिटांनी कढईच्या तळाशी तपकिरी पाणी साठलेलं दिसतं आणि त्यात भाज्या मान टाकून पडलेल्या असतात. मग पाणी आटवायला गॅस चालू ठेवायचा. तेवढ्यात भाज्या आणखी मऊ होतात. जे तयार होतं त्याची चव वाईट नसते, पण ती सोया सॉस घातलेली कोबीची भाजी असते.

अशा वेळी बहुतेकांचा संशय सॉसवर जातो. ऑयस्टर सॉस घालायला हवा होता का, हॉटेलवाले काही गुपित मसाला वापरतात का, असे प्रश्न पडतात. खरं कारण बाटल्यांमध्ये नाही. भाजीत किती पाणी आहे आणि आपली शेगडी मिनिटाला किती पाणी उडवू शकते, या हिशेबात ते आहे. हा हिशेब कळला की कामाच्या दिवशी रात्री अर्ध्या तासात चांगलं स्टर-फ्राय करता येतं, तेही आहे त्याच कढईत.

स्टर-फ्राय म्हणजे नेमकं काय

तापलेल्या भांड्यात थोडं तेल, त्यात लहान आणि सारख्या आकाराचे तुकडे, मोठी आच, सतत हलवणं आणि झाकण अजिबात नाही. चिनी भाषेत या पद्धतीला 'चाओ' म्हणतात. ती चीनभर आहे, पण दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये तिला फार मान आहे. तिथून आणि चिनी स्थलांतरितांबरोबर ती थायलंड, मलेशिया, व्हिएतनामपर्यंत पोचली आणि प्रत्येक ठिकाणी तिथली झाली. थायलंडच्या 'पाद क्रापाओ'त शेवटी जी पानं पडतात ती आपल्या तुळशीच्याच प्रजातीची आहेत.

आपल्याकडे 'चायनीज' म्हणून जे रुजलं त्याची वाट थोडी वेगळी आहे. कोलकात्यातल्या हक्का चिनी कुटुंबांनी ते घडवलं. चिकन मांचुरियनचं श्रेय मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली तो पदार्थ करणाऱ्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. मांचुरियनमध्ये तुकडे आधी तळतात आणि मग दाट रस्स्यात घोळवतात. त्यामुळे चायनीज म्हणजे सॉसमध्ये बुडालेलं काहीतरी, अशी आपली अपेक्षा झाली आहे. घरी भाजीला पाणी सुटलं तरी ते कॉर्नफ्लोअर लावून दाट करायचं, ही सवय त्यातूनच येते. ग्वांगडोंगच्या घरगुती स्टर-फ्रायमध्ये मात्र सॉस तुकड्यांना जेमतेम लागलेला असतो. बशी रिकामी झाल्यावर तळाशी फार काही उरत नाही.

आपण मराठी घरांत 'परतून भाजी' करतो ती याची जवळची नातेवाईक वाटते, पण एका ठिकाणी वाट फुटते. आपण भाजी फोडणीवर परतली की मीठ घालतो, झाकण ठेवतो, कधी झाकणावर पाणीही ठेवतो आणि वाफ काढतो. भाजी स्वतःच्या पाण्यात शिजावी हाच हेतू असतो आणि त्या पद्धतीत तो अगदी बरोबर आहे. स्टर-फ्रायमध्ये वाफ भांड्यात राहू द्यायची नसते. आपले हात वर्षानुवर्षं पहिल्या पद्धतीला सरावलेले असतात, म्हणून दुसरी करताना मीठ लवकर पडतं आणि झाकण आपोआप उचललं जातं.

भाजीतलं पाणी आणि शेगडीची कुवत

कोबी, सिमला मिरची, मशरूम यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. फरसबीत साधारण नव्वद, गाजरात त्याहून किंचित कमी. म्हणजे अर्धा किलो चिरलेली भाजी कढईत टाकली की आपण सुमारे साडेचारशे ग्रॅम पाणी कढईत टाकलेलं असतं. पेशी शाबूत आहेत तोवर ते आत राहतं. भाजी तापली की पेशींच्या भिंती सैल होतात आणि पाणी बाहेर यायला लागतं.

बाहेर आलेलं पाणी लगेच वाफ होऊन गेलं तर काहीच बिघडत नाही. अडचण अशी की पाण्याची वाफ करणं फार महाग काम आहे. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ७५ कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. दहावीच्या विज्ञानात याला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. हा शब्द पुन्हा लागणार नाही, पण सातपटीचा फरक लक्षात ठेवा.

आता शेगडीकडे पाहू. घरच्या गॅसचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर साधारण दोन ते अडीच किलोवॅट उष्णता देतो. त्यातली बरीच कढईच्या बाजूने निसटते. निम्मी कढईत पोचली असं धरलं तर हाती उरतो एक किलोवॅटच्या थोडा वर. एवढ्या उष्णतेत मिनिटाला २५ ते ३० ग्रॅम पाणी उडतं. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे.

संध्याकाळी दादरच्या फलाटावर उभं राहिलं की जे दिसतं, तेच कढईत चालू असतं. जिन्यावरून माणसं सतत उतरत असतात आणि दर लोकल ठराविक माणसं घेऊन जाते. येणारे कमी असतील तर फलाट मोकळा राहतो. जिन्यावरून येणारे लोकलच्या कुवतीपेक्षा जास्त झाले की गर्दी साठत जाते. भाजीतून मिनिटाला दोन चमचे पाणी बाहेर आलं तर शेगडी ते वाफेबरोबर घेऊन जाते आणि कढई कोरडी राहते. चार चमचे बाहेर आलं तर दर मिनिटाला दोन चमचे मागे उरतात.

आणि पाणी एकदा साठलं की सगळाच नूर पालटतो. तळाशी पाणी आहे तोवर भाजीभोवतीचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, गॅस कितीही मोठा करा. भाजी आता परतली जात नाही, उकडते. स्टर-फ्रायची खमंग चव मात्र १०० अंशांच्या बरीच वर तयार होते. साधारण १४० अंशांच्या पुढे पदार्थातली प्रथिनांची घटकद्रव्यं आणि साखर यांच्यात जी प्रक्रिया वेगाने होते, तिला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, परतलेल्या कांद्याचा रंग हे सगळं तिचंच काम. ओल्या पृष्ठभागावर ती जवळपास होतच नाही.

म्हणून पाणी सुटणं हा फक्त दिसण्याचा दोष नाही. त्यानेच चव जाते, मग वरून कितीही सॉस ओता.

मग हॉटेलात कसं जमतं?

चिनी हॉटेलांतल्या खास शेगड्यांची ताकद २५-३० किलोवॅट किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणजे घरच्या बर्नरच्या दहापट. त्यातली कितीतरी ज्योत बाजूने वाया जाते, तरी कढईत पोचणारी उष्णता घरच्यापेक्षा कितीतरी जास्त राहते. भाजीतून पाणी बाहेर येतं आणि येताक्षणी उडतं.

एवढ्या आचेवर अन्न स्थिर राहिलं तर करपेल. म्हणून ते हवेत उडवायचं. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांचे व्हिडिओ मोजून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की कसलेले आचारी सेकंदाला जवळपास तीन वेळा कढई हलवतात. पुढे-मागे ढकलणं आणि शेगडीच्या काठावर टेकवून झुलवणं, अशा दोन हालचाली एकत्र चालतात. उडालेला दाणा हवेत किंचित गार होतो, तळाला येऊन पुन्हा तापतो आणि करपण्याआधी पुन्हा उडतो. ही हालचाल दिखाऊ नाही. ती आचाऱ्यांच्या खांद्यांना अतिशय जड जाते.

उडवताना तेलाचे बारीक थेंब ज्योतीत पेटतात आणि धुराचा हलका वास अन्नाला लागतो. कँटनीज लोक, म्हणजे ग्वांगडोंग-हाँगकाँगकडचे, त्या चवीला 'वॉक हे' म्हणतात. वॉक म्हणजे चिनी कढई. ती तशीच्या तशी घरच्या दोन किलोवॅटच्या शेगडीवर येणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. घरच्या गॅसवर कढई उडवूही नका. कढई उचलली की आच तुटते आणि आपल्याकडे आच आधीच अपुरी आहे. उलथन्याने तळापासून वर-खाली करणं पुरेसं आहे.

पण एक गोष्ट फार थोडे लोक विचारतात. हाँगकाँग किंवा ग्वांगझोच्या साध्या घरांत तरी ३० किलोवॅटची शेगडी कुठे असते? तिथल्या घरगुती बर्नरची ताकद चार-पाच किलोवॅट असते, म्हणजे आपल्या दुपटीच्या आसपास. तरी तिथे रोज स्टर-फ्राय होतं आणि चांगलं होतं. कारण तिथल्या जेवणात एका मोठ्या कढईत सगळ्यांचं सगळं शिजवत नाहीत. भाताबरोबर दोन-तीन लहान पदार्थ असतात आणि प्रत्येक वेगळा परतला जातो. एक फक्त पालेभाजी आणि लसूण. एक मांस आणि मिरची. एक टोमॅटो आणि अंडं. दर वेळी कढईत थोडंच असतं. गाडीवरचा माणूसही एका वेळी एक-दोन बश्यांचाच माल टाकतो. आपण मात्र चार माणसांसाठी सहा भाज्या एकदम ओततो. घरच्या स्टर-फ्रायमधली खरी चूक हीच आहे, आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही.

कढईत किती भाजी टाकायची

घरच्या मोठ्या बर्नरवर एका वेळी २०० ते २५० ग्रॅम. चिरलेल्या भाजीच्या साधारण दोन-अडीच वाट्या. तळ झाकला जावा, पण ढीग होऊ नये.

हा आकडा कुठून आला? अर्धा किलो भाजी नुसती २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवायलाच घरच्या शेगडीला जवळपास दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत भाजी कोमट ते गरम अशा अवस्थेत पडून राहते आणि पाणी सोडत राहते. पाव किलो असेल तर हाच वेळ निम्म्यावर येतो.

शिवाय कढई आधी तापवली असेल तर मोठी मदत होते. दोन किलो वजनाची लोखंडी किंवा बिडाची कढई २५० अंशांपर्यंत तापवली आणि भाजी टाकल्यावर ती १५० अंशांवर आली, तर तेवढ्यात ती जी उष्णता देते ती शेगडीच्या सव्वा मिनिटाच्या कामाइतकी असते. अर्ध्या किलोच्या पातळ ॲल्युमिनियमच्या कढईत याच्या निम्मीच उष्णता साठते. घरच्या मंद आचेवर जड कढई का चांगली, याचं उत्तर यात आहे. हॉटेलात पातळ पोलादी वॉक चालतो, कारण तिथे उष्णता खालून अखंड येत असते. आपल्याला ती आधी साठवून ठेवावी लागते.

चार माणसांसाठी करायचं असेल तर दोन किंवा तीन फेऱ्या करा. प्रत्येक फेरी दीड-दोन मिनिटांची. परतलेलं ताटात काढा, कढई पुन्हा तापू द्या, पुढची फेरी टाका. शेवटी सगळं एकत्र करून सॉस घाला. यात वेळ जास्त जाईल असं वाटतं, पण पाणी आटवत बसण्यापेक्षा तो कमीच जातो.

मीठ कधी, धुणं कधी

मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की खाली पाणी साठतं, ते याचमुळे. म्हणून स्टर-फ्रायमध्ये मीठ शेवटी, आणि सोया सॉस घालणार असाल तर बहुतेक वेळा मीठ लागतच नाही.

भाज्या शिजवायच्या बऱ्याच आधी धुवा आणि सुती फडक्यावर पसरून कोरड्या करा. धुऊन लगेच टाकलेल्या पालेभाजीबरोबर सहज दोन-तीन चमचे पाणी कढईत जातं, म्हणजे शेगडीचं पूर्ण मिनिट त्यातच खर्च.

मशरूमचं थोडं वेगळं आहे. त्यात पाणी भरपूर असतं, पण त्याच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असल्याने ती जास्त वेळ शिजली तरी लगदा होत नाही. त्यामुळे मशरूम एकटी टाकून पाणी पूर्ण उडू द्यावं, कडा तपकिरी झाल्या की काढावी. बाकी भाज्यांबरोबर टाकली तर ती सगळ्यांना भिजवते.

गाजर, ब्रोकोली, फरसबी यांना शिजायला वेळ लागतो. त्या एक मिनिट उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, कोरड्या करून घेतल्या तर कढईत फक्त खमंगपणा आणायचं काम उरतं. बटाटा टाकायचा असेल तर चिनी घरांत करतात तसं करा. काडीसारखा बारीक चिरून दोन-तीन पाण्यांत धुवा, वरचं पिठूळ पाणी जाऊ द्या, मग कोरडा करून दोन मिनिटं परता आणि व्हिनेगर टाका. तो चक्क कुरकुरीत राहतो.

आणि प्रत्येक पदार्थात पाणी नकोच असतं असंही नाही. टोमॅटो-अंडं हा चीनमध्ये घराघरांत होणारा पदार्थ. त्यात अंडं आधी परतून बाजूला काढतात आणि टोमॅटोला मुद्दाम रस सुटू देतात, कारण तो भातावर घ्यायचा असतो.

नॉनस्टिक चालेल का? इंडक्शन? घाण्याचं तेल?

नॉनस्टिकवर स्टर-फ्राय करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यावरचा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा थर सुमारे २६० अंशांच्या वर विघटन पावू लागतो आणि घातक वायू सोडतो. रिकामं नॉनस्टिक भांडं मोठ्या आचेवर ठेवलं तर तिथे पोचायला काही मिनिटं पुरतात. स्टर-फ्रायला भांडं रिकामंच तापवावं लागतं. लोखंडी कढई, बिडाचं पॅन, अगदी डोशाचा जाड बिडाचा तवाही चालतो.

इंडक्शनबद्दल अनेकांना शंका असते, पण तिथे बातमी चांगली आहे. १८०० ते २००० वॅटच्या इंडक्शनमधली बहुतांश उष्णता थेट भांड्यात तयार होते, बाजूने निसटत नाही. म्हणजे प्रत्यक्ष कढईत पोचणारी उष्णता गॅसपेक्षा जास्तच असू शकते. अट एकच, भांडं सपाट तळाचं हवं आणि ते उचलायचं नाही. लोखंडी सपाट पॅन तिथे उत्तम.

भांडं तापलं का, हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब टाकल्यावर नुसता चुर्र होऊन उडाला तर अजून थांबा. गोळी होऊन पृष्ठभागावर इकडेतिकडे धावू लागला की २०० अंशांच्या आसपास पोचलात. थेंब पूर्ण उडाल्यावरच तेल घाला. कँटनीज आचाऱ्यांमध्ये 'तापलेली कढई, गार तेल' असं म्हणतात. तेल शेवटी घातल्याने ते फार वेळ जळत नाही आणि अन्न चिकटतही नाही.

तेल कुठलं? ग्वांगडोंगमध्ये परंपरेने शेंगदाण्याचं तेल वापरतात आणि ते आपल्या ओट्यावर असतंच. पण इथे रिफाइंड आणि घाण्याचं यांत फरक करावा लागतो. रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. लाकडी घाण्याचं तेल १६० अंशांच्या आसपासच धूर सोडू लागतं. घाण्याचं तेल चवीला सुंदर असतं, फोडणीला वापरावं. या एका कामाला मात्र रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल बरं. चिनी पदार्थांत वासासाठी घालतात ते तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपल्या कच्च्या तिळाच्या तेलापेक्षा ते वेगळं, आणि ते गॅस बंद केल्यावर घालायचं.

धुराचा प्रश्न हलका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावर तळताना-परतताना निघणाऱ्या धुराला २०१० साली 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. तेलातून हलकी वलयं दिसू लागली की लगेच भाजी टाका, दाट निळसर धुराची वाट पाहू नका.

चिकन वातड होतं, पनीर चिकटतं

चिकनचे पातळ तुकडे मोठ्या आचेवर पटकन कोरडे पडतात. यावर चिनी स्वयंपाकात लेप लावण्याची पद्धत आहे. २०० ग्रॅम चिकनला एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा पाणी आणि एक चमचा तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवा. कॉर्नफ्लोअरचा थर आतलं पाणी धरून ठेवतो आणि नंतर सॉसही त्यालाच चिकटतो. मटणासारख्या चिवट मांसाला पाव चमचा खाण्याचा सोडा पंधरा मिनिटं लावून धुऊन टाकतात. सोड्याने पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि प्रथिनं आवळून घट्ट होत नाहीत.

चिकन कढईत पसरल्यावर पाऊण मिनिट हात लावू नका. खालची बाजू तपकिरी झाली की ते आपोआप सुटतं. मग परता. आत गुलाबी राहता कामा नये. झालं की ताटात काढा आणि मग भाज्यांकडे वळा.

टोफूला (सोयाबीनच्या पनीरला) फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, वीस मिनिटांत बरंच पाणी जातं. पनीरला एवढं करावं लागत नाही, नुसतं कोरडं पुसून कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं तरी पुरतं.

सॉस आणि अजिनोमोटोची भीती

दोन माणसांच्या भाजीला एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर आणि दोन मोठे चमचे गार पाणी. हे आधीच वाटीत ढवळून ठेवा. कॉर्नफ्लोअर गरम कढईत थेट टाकलं तर गाठी होतात, कारण बाहेरचा थर ताबडतोब फुगतो आणि आतलं कोरडं राहतं. सॉस कढईच्या कडेने सोडा, उकळी फुटली की पंधरा-वीस सेकंदांत तो दाटून तुकड्यांना लागतो. तिथेच गॅस बंद.

सोया सॉस घेताना लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ आंबवून केलेला असेल तर घटकांची यादी छोटी असते. गव्हामुळे तो ग्लूटेन न चालणाऱ्यांना चालत नाही. आणि तो खारट असतो हे विसरू नका. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी घ्यायला सांगते. रक्तदाब असलेल्यांनी चमचा मोजूनच घालावा.

अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. त्याची भीती पसरली ती १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी त्यात तक्रार होती. नंतरच्या चाचण्यांत जेवणात असतं तेवढ्या प्रमाणाने असा त्रास सातत्याने होतो असं दिसलं नाही. रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काहींना थोड्या वेळापुरता सौम्य त्रास झाल्याचं आढळलं आहे. अमेरिकेची अन्न नियामक संस्था ते सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. टोमॅटोत, मशरूममध्ये, खुद्द सोया सॉसमध्ये तेच ग्लुटामेट नैसर्गिकपणे असतं. घालायचं नसेल तर नका घालू. नीट परतलेल्या भाजीला त्याची गरज पडत नाही. पण पाणी सुटलेल्या भाजीची चव त्याने भरून काढता येत नाही, हेही खरं.

कामाच्या दिवशी एवढं कोण करणार?

वेळ परतण्यात जात नाही, चिरण्यात जातो. म्हणून चिरणं वेगळं काढा. गाजर, फरसबी, कोबी चिरून कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. मशरूम आणि कांद्याची पात आयत्या वेळी. आलं-लसूण बारीक चिरलेलं हवं, वाटण नको. वाटण ओलं असतं, तळाला चिकटतं आणि करपून कडू होतं.

घरी आल्यावर आधी भात लावा. चिकनला लेप लावा, सॉस वाटीत कालवा, सगळं ओट्यावर कढईच्या उजव्या हाताला मांडा. कढई तापल्यावर फ्रिज उघडायला वेळ नसतो. कुकर उतरला, सगळे ताटावर बसायच्या बेतात आले की मगच कढई ठेवा. तीन मिनिटं ती रिकामी तापू द्या. तेल, मग चिकन, ते काढा. पुन्हा थोडं तेल, आलं-लसूण दहा सेकंद, लगेच गाजर-फरसबी, मिनिटाने सिमला मिरची आणि कांदा. चिकन परत आत, कडेने सॉस, वरून पात. कढई ठेवल्यापासून दहा मिनिटांत ताट वाढलेलं असतं.

पोषणाचं काय, असंही विचारलं जातं. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जातं. दोन मिनिटं परतलेल्या भाजीत ते भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलेल्या भाजीपेक्षा जास्त टिकतं. वर सांगितलेल्या एका मिनिटाच्या उकळीत थोडं जातं, म्हणून ती फक्त कडक भाज्यांनाच द्यावी.

उरलेलं आणि दुसऱ्या दिवशीचा भात

उरलेलं स्टर-फ्राय दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी फारसं बरं नाही. सॉसमधलं मीठ रात्रभर पाणी ओढत राहतं. सॉस घालण्याआधीच एक फेरी बाजूला काढून ठेवली आणि सकाळी तापवताना सॉस घातला तर ते बरंच टिकतं.

भाताचं उलट आहे. फ्राइड राइसला ताजा भात चालत नाही, कारण तो ओला आणि चिकट असतो. फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा सुटा होतो. पण तो भात ओट्यावर तसाच राहिलेला नको. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष दुसऱ्या दिवशी कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी नष्ट होत नाही. त्यामुळे उद्याच्या फ्राइड राइसचा भात रात्रीच्या जेवणानंतर परातीत पातळ पसरून गार करा आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर कुकरमध्ये बाहेर राहिलेला असेल तर तो टाकून द्यावा.